जुनी झेड४ (ई८९, ३५आय) घ्यायची आहे: आधीच्या मालकाने काय पाजलंय हे कसं ओळखायचं?

घाटवळण (पुणे)
मंडळी, बीएमडब्ल्यू झेड४ एसड्राइव्ह ३५आय बघतोय. २०११ चं मॉडेल, ४१,००० किमी, दुसरा मालक, पुणे पासिंग. इंजिन एन५४: तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, ३०६ अश्वशक्ती, डायरेक्ट इंजेक्शन. छप्पर, गिअरबॉक्स आणि कागदपत्रांबद्दल इथले जुने धागे वाचून झालेत. घोडं अडलंय ते पेट्रोलवर. विक्रेता म्हणतो, 'कायम पंच्याण्णव ऑक्टेनचंच टाकलं.' बिल एकही नाही. किलोमीटर बघता गाडी वर्षातले बरेच महिने उभीच असणार. वाईट पेट्रोलने इंजिनात काही बिघडलंय का, हे घेण्याआधी तपासता येतं का? आणि आता सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, ते या गाडीला चालेल का?

ऑक्टेनराव
'वाईट पेट्रोल' या एका शब्दात चार वेगळी दुखणी आहेत. ती आधी सुटी करा.

एक, ऑक्टेन कमी. दोन, इथेनॉल जास्त. तीन, भेसळ, म्हणजे रॉकेल, नाफ्था, सॉल्व्हंट वगैरे. चार, शिळं पेट्रोल. चौघांची लक्षणं वेगळी, नुकसानही वेगळं. लोक पहिल्यावर तावातावाने भांडतात, पण वर्षाला तीनेक हजार किमी चाललेल्या गाडीत मला सगळ्यात जास्त भीती चौथ्याची वाटते.

ऑक्टेनपुरतं बोलायचं तर या इंजिनाला नॉक सेन्सर आहेत (पेट्रोल स्वतःहून भलत्या वेळी पेटलं की होणारी ठकठक, म्हणजे नॉकिंग, ओळखणारे). कमी ऑक्टेनचं पेट्रोल पडलं की ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगी उशिरा टाकतो. ताकद घटते, गाडी जास्त पिते, पण कंपनीच्या मूळ ट्यूनवर इंजिन फुटत नाही. पाच वर्षं साधं पेट्रोल घातलं म्हणून कायमचं काही झालं असेल ही शक्यता कमी. गाडी रिमॅप केलेली (जास्त ताकदीसाठी ईसीयूचं सॉफ्टवेअर, म्हणजे मॅप, बदललेली) असेल तर मात्र हे सगळं विसरा. तिथे खेळ वेगळा.

न्यूजर्सीकर
ऑक्टेनचा विषय निघालाय म्हणून एक गोंधळ आधीच मिटवतो. एन५४ बद्दल इंटरनेटवर जे लिहिलंय त्यातलं बहुतेक अमेरिकेतलं. इथे अमेरिकेत पंपावर जो आकडा असतो तो रॉन आणि मॉन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) यांची सरासरी. भारतात पंपावर नुसता रॉन. म्हणजे अमेरिकेतलं ९१ हे साधारण ९५ रॉन, आणि अमेरिकेतलं ९३ म्हणजे साधारण ९८ रॉन. भारतातलं ई२० च्या आधीचं बीएस६ चं (भारत स्टेज ६, प्रदूषणाच्या मानकाचं) साधं ९१ रॉन इकडच्या ८७ च्या, म्हणजे सगळ्यात स्वस्त नोझलच्या बरोबरीचं.

यातून होणारी चूक अशी: कुणीतरी '९१ साठीचा' स्टेज १ मॅप उतरवतो, पुण्यात ९१ लिहिलेल्या पंपावर टाकी भरतो आणि खूश होतो. प्रत्यक्षात तो चार आकडे खाली असतो. गाडीवर कधी मॅप चढवला होता का, हे विक्रेत्याला सरळ विचारा. उत्तर 'हो, पण काढला' असं आलं तर मॅप कोणत्या पेट्रोलसाठीचा होता हेही विचारा. तो सांगू शकला नाही, तर त्यातच उत्तर मिळालं.

सोलापुरी_चादर
गंधकाचा मुद्दा कुणी काढला नाही अजून. २०११ ची गाडी म्हणजे तिने बीएस३, बीएस४, बीएस६ तिन्ही पाहिलेत. बीएस३ पेट्रोलमध्ये गंधक १५० पीपीएमपर्यंत, बीएस४ मध्ये ५०, बीएस६ मध्ये १०. एप्रिल २०१० ला बीएस४ फक्त १३ शहरांत आलं, महाराष्ट्रातली त्यात मुंबई, पुणे आणि (कॉलर ताठ करून सांगतो) सोलापूर. राज्यात सगळीकडे बीएस४ यायला एप्रिल २०१७ उजाडलं. म्हणजे गाडीची पहिली सहा वर्षं कुठल्या गावात गेली यावर फरक पडेल का?

ऑक्टेनराव
@सोलापुरी_चादर, मुद्दा चांगला, पण या इंजिनाला तो फारसा लागू नाही. गंधकाचा खरा त्रास पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिश्रणावर चालणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांना. त्यांच्या नायट्रोजन ऑक्साइड साठवणाऱ्या कॅटॅलिस्टला गंधकाचं वावडं असतं. बीएमडब्ल्यूचंच एन५३ तसलं. एन५४ नेहमीच्या, हवा आणि पेट्रोल दोन्ही पुरेपूर वापरलं जाईल अशा प्रमाणातल्या मिश्रणावर चालतं. जास्त गंधकाने इंजिन ऑइल लवकर आम्लधर्मी होतं, एवढंच. तेव्हा ऑइल बदलायचं अंतर बघा. डॅशबोर्ड २५,००० किमी दाखवतो म्हणून कुणी खरंच तेवढं थांबलं असेल तर मला पेट्रोलपेक्षा त्याची काळजी वाटेल.

तेलकट_हात (गॅरेज, नाशिक)
आता कामाचं. गाडी बघायला जाताना विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर चहा पिऊन निघा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. या इंजिनाच्या इंधनव्यवस्थेचे निम्मे आजार थंड स्टार्टलाच दिसतात.

थंड स्टार्ट: सेल्फ दोनेक सेकंदांत पकडला पाहिजे. चार-पाच सेकंद फिरत राहिला तर हाय प्रेशर पंप किंवा टाकीतला पंप. पकडल्यावर मिसिंग आणि पांढुरका, पेट्रोलचा वास मारणारा धूर आला तर इंजेक्टर गळतोय. रात्रभर थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरलेलं पेट्रोल जळतंय ते.

मग स्कॅनर (गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र). नुसते चालू कोड बघू नका, साठवलेलेही बघा. २९ई२ आणि २एफबीएफ हे पेट्रोलच्या दाबाचे कोड. २९डीसी म्हणजे मिसिंगमुळे सिलिंडरचं इंजेक्शन बंद केलं. कोड एकही नाही पण रेडिनेस (गाडीने स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्याची नोंद) अपूर्ण, असं दिसलं तर कुणीतरी कालपरवा कोड पुसलेत.

लाइव्ह डेटा: आयडलला रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब ५० बारच्या आसपास, टाकीकडून येणारा लो प्रेशर ५ बार. पूर्ण लोडवर रेल २०० बारपर्यंत जाते. अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब एका आलेखावर घ्या. जोर लावल्यावर दोन रेषा एकमेकींना धरून राहिल्या पाहिजेत. लो प्रेशर ५ वर स्थिर आहे आणि रेलचा दाब मात्र कोसळतोय, तर दोष हाय प्रेशर पंपाचा. आधी लो प्रेशरच ढासळतोय, तर टाकीतला पंप किंवा फिल्टर. तो फिल्टर टाकीतच असल्याने वर्षानुवर्षं कुणी त्याकडे बघत नाही.

हे हाय प्रेशर पंप पहिल्यापासून बदनाम आहेत. २०१० मध्ये अमेरिकेत बीएमडब्ल्यूने याच पंपासाठी सुमारे १,३०,००० गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात झेड४ ३५आय सुद्धा होती. म्हणून पंप गेला की 'इथलं पेट्रोल खराब' असं लगेच म्हणू नका.

घाटवळण
भरपूर मिळालं, धन्यवाद. फ्युएल ट्रिमबद्दल (ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के कमीजास्त पेट्रोल टाकतोय तो आकडा) सगळे बोलतात. ई२० मुळे ट्रिम वाढतो म्हणे. मग इथेनॉलमुळे वाढलेला आणि बिघाडामुळे वाढलेला वेगळा कसा ओळखायचा?

ऑक्टेनराव
हा प्रश्न मला आवडला. गणित करून बघू. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. मिश्रण केलं की ई१० ला १४.१, ई२० ला १३.५. धुराच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरला इथेनॉल दिसत नाही, त्याला फक्त जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. मग ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. शुद्ध पेट्रोल धरून मोजलं तर ई१० वर सुमारे ४ टक्के आणि ई२० वर ७ ते ८ टक्के जास्त पेट्रोल. म्हणजे टाकीत ई२० असताना एकूण ट्रिम अधिक ५ ते ८ दिसला तर ते रसायन आहे, रोग नाही.

अधिक १५ च्या पुढे गेला तर पेट्रोलला दोष देणं थांबवा. तेव्हा आकड्यापेक्षा त्याचा आकार बघायचा. आयडलला जास्त आणि २५०० आरपीएमला खाली येतो, तर इनटेकमध्ये कुठेतरी चोरून हवा शिरतेय. आयडलला ठीक आणि लोडसोबत चढत जातो, तर पेट्रोल पुरत नाही, म्हणजे पंप किंवा फिल्टर. आयडलला उणे असेल तर पेट्रोल नको तिथून येतंय: गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतल्या वाफा इंजिनात सोडणारी झडप), नाहीतर ऑइलमध्ये मिसळलेल्या पेट्रोलची वाफ.

इथेनॉल एकसारखं सगळ्या आरपीएमला, दोन्ही बँकांना (तीन-तीन सिलिंडरांच्या दोन गटांना) ट्रिम वाढवतं. एकाच बँकेचा वाढला असेल तर तो इथेनॉलचा प्रताप नव्हे.

पंक्चर_पाटील
पण मुळात ई२० टाकायचंच का? शंभर ऑक्टेनचं टाका, विषय संपला.

न्यूजर्सीकर
@पंक्चर_पाटील, इकडे एन५४ वाले मुद्दाम ई३० करून टाकतात, मॅपसकट. इथेनॉलने नॉकिंग दबतं म्हणून. मूळचा हाय प्रेशर पंप निरोगी असेल तर ई३० ला पुरतो. म्हणजे ई२० ने स्टॉक (मॅप न बदललेल्या) गाडीत पेट्रोल कमी पडेल ही भीती निराधार.

ऑक्टेनराव
पुरेल, ते खरंच. पण पुरणं वेगळं आणि कंपनीने परवानगी देणं वेगळं. या पिढीच्या बीएमडब्ल्यूला ई१० पर्यंत मान्यता आहे. ई२० साठी सील, होज, पंपाचे भाग तपासलेल्या गाड्या आपल्याकडे एप्रिल २०२३ पासूनच्या. २०११ ची गाडी ई२० वर उद्या बंद पडणार नाही, पण तिचे रबरी भाग आधीच चौदा-पंधरा वर्षांचे आहेत. मी रोज चालणाऱ्या गाडीत निर्धास्त टाकेन. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत नाही. माझा आक्षेप इथेनॉलपेक्षा त्याच्यासोबत येणाऱ्या पाण्यावर आहे.

आणि ऑक्टेनसाठी प्रीमियमकडे धावण्याची गरजही आता तितकी उरलेली नाही. भारतातल्या ई२० च्या मानकात ऑक्टेन ९५ रॉन आहे. इथेनॉलचा हा एक फायदा कबूल करावाच लागेल. बदल्यात लिटरमागे ऊर्जा कमी. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये सहा-सात टक्क्यांचा खड्डा.

घाटवळण
मग शंभर ऑक्टेनचं घालायचं ते इथेनॉल टाळण्यासाठी, असंच ना? त्यात इथेनॉल नसतं हे नक्की का?

तेलकट_हात
पंपावरच्या पोरावर विश्वास ठेवू नका, मापून बघा. १०० मिलीचं काचेचं मोजपात्र घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसलं, घट्ट बुचासकट. त्यात १० मिली पाणी घाला, खायच्या रंगाचे दोन थेंब टाका म्हणजे रेघ ठळक दिसेल. वर ९० मिली पेट्रोल, बरोबर १०० च्या खुणेपर्यंत. बूच लावून दहा-पंधरा सेकंद हलवा, मध्ये एकदोनदा बूच सैल करून वाफ जाऊ द्या. दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. खालचा थर १० चा १९ झाला तर ९० मध्ये ९, म्हणजे ई१०. २८ झाला तर ई२०. १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. एखादा मिली इकडेतिकडे होतो, तेवढ्यावर भांडू नका.

हे उघड्यावर करायचं, बंद पार्किंगमध्ये नाही. जवळ विडीकाडी नको, मोबाइल चार्जिंगला नको. नमुना काचेत किंवा धातूच्या डब्यात. बिसलेरीच्या बाटलीत पेट्रोल घेऊन कुणी आलं की माझं डोकं फिरतं.

'प्रीमियम' किंवा ९५ लिहिलंय म्हणजे इथेनॉल नाही, हेही धरून चालू नका. ऑक्टेनचा आकडा आणि इथेनॉलचं प्रमाण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

ऑक्टेनराव
आणि शंभरवालं बिनइथेनॉलचं निघालं तरी पूर्ण टाकी त्याचीच भरायची गरज नाही. साध्यापेक्षा भाव बराच जास्त आहे त्याचा. झेड४ ची टाकी ५५ लिटरची. निम्मं ते, निम्मं ई२०, की टाकीत ई१० तयार. कंपनीने दिलेल्या मर्यादेत बसलं, आणि ऑक्टेन सत्त्याण्णवच्या आसपास. स्टॉक गाडीला याहून जास्त काही लागत नाही.

झुआरीकाठ (गोवा)
शिळ्या पेट्रोलवर कुणी नीट लिहिलं नाही अजून. आमच्याकडे बंगल्यातल्या हौशी गाड्या जूनमध्ये झाकतात आणि ऑक्टोबरात उघडतात, त्यामुळे हा विषय इथे दरवर्षी येतो.

टाकीत काय होतं: हलके घटक उडून जातात, म्हणून थंड स्टार्ट बिघडतो. उरलेल्याचं हवेशी मिलन होऊन डिंकासारखा चिकट थर तयार होतो, तो इंजेक्टरच्या तोंडावर बसतो. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ई१० मध्ये अर्धा टक्का पाणी विरघळून राहतं, त्यापुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात. पंपाचं तोंड तळालाच. तो थर गंजवणारा असतो, आणि वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घटलेलं असतं, कारण इथेनॉल खाली गेलं. ई२० जास्त पाणी धरून ठेवतं, त्यामुळे थर उशिरा पडतो. पण पडला तर तळाशी माल जास्त.

तीन महिन्यांपर्यंत ठीक. सहा महिने झाले असतील तर टाकीत ताजं पेट्रोल भरून ते पातळ करून चालवा. वर्ष झालं असेल तर काढून टाका, दुसरा विचार नको. टाकी दोन कप्प्यांची असेल तर दोन्ही बाजूंनी उपसायला लागते, नाहीतर दहा-बारा लिटर जुनं तसंच राहतं आणि मेकॅनिक म्हणतो 'काढलं की'.

ओळखायचं कसं: ताज्या पेट्रोलचा वास नाकात झणझणतो. शिळ्याला वॉर्निशसारखा आंबूस वास येतो, रंगही चहाकडे झुकतो. नमुना लो प्रेशर लाइनमधून घ्या, वरून नळी घालून नाही. तळाचं पेट्रोल बघायचंय आपल्याला. काचेत घेऊन पाच मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर, पाण्याचे मणी किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकी उतरवून पंप आणि फिल्टरसकट खर्च धरा.

पंक्चर_पाटील
विक्रेत्याने कालच ताजं भरलं असेल तर?

झुआरीकाठ
मग पेट्रोल ताजं दिसेल, पण गाळ तसाच राहील. शिवाय इंजेक्टरवरचा थर एका टाकीने जात नाही. म्हणून तर तेलकट_हात यांचा आलेख महत्त्वाचा.

तेलकट_हात
आणि प्लग. सहाच्या सहा काढून क्रमाने ठेवा. १४ मिमीचा पातळ भिंतीचा बारा कोनी सॉकेट लागतो, साधा आत जात नाही. परत बसवताना इंजिन थंड आणि २३ न्यूटन मीटर.

वाचायचं असं. फिकट करडा-तपकिरी, सगळे सारखे: उत्तम. एकच काळा ओला: त्या सिलिंडरचा इंजेक्टर. सगळे कोरडे काळे: छोट्या फेऱ्या किंवा मिश्रण गच्च (पेट्रोल जास्त, हवा कमी). चिनी मातीवर काळे-चंदेरी बारीक ठिपके: नॉकिंग होऊन गेलंय, बोरस्कोप (नळीच्या टोकावरचा बारीक कॅमेरा) घालून पिस्टन बघा. आणि विटकरी लाल पावडर बसली असेल तर ते लोखंड, म्हणजे फेरोसीनवालं ऑक्टेन बूस्टर. असल्या बाटल्या ओतणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा मॅपवर चाललेली असते. तो लाल थर वीज वाहतो, प्लग मिस मारतो, पुढे कॅटॅलिस्टवरही बसतो.

घाटवळण
इंजेक्टर आधी बदललेत का हे कळतं का?

तेलकट_हात
कळतं. एन५४ चे इंजेक्टर पिझो आहेत. वरच्या टोकाला पार्ट नंबर असतो, त्याच्या शेवटचे दोन आकडे म्हणजे इंडेक्स. ११ किंवा १२ असेल तर नवे, सुधारलेले. त्याहून खालचे म्हणजे जुनी आवृत्ती. इंजिनाच्या दोन बँका आहेत, १ ते ३ आणि ४ ते ६. जुने आणि नवे एकाच बँकेत मिसळलेले दिसले तर काम घाईत झालंय. प्रत्येक इंजेक्टरवर जुळवणीचे आकडे कोरलेले असतात, ते ईसीयूमध्ये भरावे लागतात. स्कॅनरमधले आकडे आणि इंजेक्टरवरचे आकडे ताडून बघा. जुळत नसतील तर बदलणाऱ्याने कोडिंग केलंच नाही, आणि गाडी तेव्हापासून अंदाजाने पेट्रोल टाकतेय. सहाही बदलायची वेळ आली तर किमतीतला मोठा तुकडा तिथे जातो, म्हणून व्यवहाराच्या आधीच बघायचं.

एक विसरलो. या इंजिनाला डिपस्टिक नाही, ऑइलची पातळी स्क्रीनवर. विक्रेता म्हणेल ऑइल अगदी वरच्या खुणेपर्यंत आहे. हो, पण त्यात पेट्रोल किती? ऑइलचं झाकण उघडून वास घ्या. शंका आली तर १०० मिली ऑइल लॅबला पाठवा. पेट्रोलचं प्रमाण चार-पाच टक्क्यांवर असेल आणि १०० अंशांची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ग्रेडच्या खाली घसरली असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा गाडी फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातेय. साडेसहा लिटर ऑइल मावतं, तेवढं पातळ व्हायला बरंच पेट्रोल उतरावं लागतं.

सोलापुरी_चादर
भेसळ राहिली. इंजिन उघडून भेसळ सिद्ध करता येत नाही, पण घेतल्यानंतर आपला पंप तपासता येतो. तिन्ही चाचण्या ग्राहकाला मागता येतात, फुकट.

फिल्टर पेपर: नोझलचं तोंड पुसून एक थेंब कागदावर टाका. दोन मिनिटांत डाग न ठेवता उडाला पाहिजे. काळपट तेलकट डाग राहिला तर भेसळीचा संशय. फिकट गुलाबी कडं राहिलं तर घाबरू नका, तो पेट्रोलचा रंग असतो.

घनता: ५०० मिलीची बरणी, हायड्रोमीटर, थर्मामीटर पंपावर असतात. वाचलेला आकडा तक्त्यावरून १५ अंशांवर आणायचा आणि त्या दिवशीच्या नोंदीशी ताडायचा. फरक ३ किलो प्रति घनमीटरच्या वर असेल तर बोला. नुसता 'साडेसातशे आला म्हणजे चांगलं' असं काही नसतं, कारण ७२० ते ७७५ एवढी मोठी पट्टी मान्य आहे. तुलना नोंदीशीच.

माप: पाच लिटरचं शिक्क्याचं भांडं. २५ मिलीपर्यंत कमी चालतं.

यात एक फट आहे, तीही सांगतो. ऑक्टेन या तिन्हींत कळत नाही. रॉकेल आणि हलकं सॉल्व्हंट योग्य प्रमाणात एकत्र मिसळलं तर घनता बरोबर येते. म्हणून सतत उपसा असलेला, शक्यतो कंपनीनेच चालवलेला पंप धरा. शंभर ऑक्टेनचं नोझल आडगावातल्या पंपावर असेल तर तिथला साठा कधीचा, हा प्रश्न उरतोच.

झुआरीकाठ
+१. आणि पावसाळ्यात टँकर खाली होत असताना भरू नका. तळाचं सगळं ढवळलं जातं.

चारकोल_डबा
एका सवयीवर कुणी बोललं नाही: 'राउंड फिगर करा'. नोझल कट झाल्यावर पुढे ठाकूनठोकून भरलं की जास्तीचं पेट्रोल वाफा धरणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये शिरतं. कोळसा भिजला की कामातून गेला. पुढे त्याचे कण पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतात. लक्षण ठरलेलं: टाकी फुल केल्यावर लगेच स्टार्ट घेत नाही, थोडं गुरगुरते, मागून पेट्रोलचा वास, आयडलला ट्रिम उणे. टेस्ट ड्राइव्हमध्ये गाडी पंपावर न्या, पहिल्या कटपर्यंत भरा आणि लगेच चालू करा. फुकटची चाचणी आहे. पेट्रोल तेवढं तुमच्या खिशातून.

घाटवळण
हे कुठेच वाचलं नव्हतं. आणखी एक, नॉकिंगचा लॉग (गाडी पळवताना स्कॅनरवर घेतलेली नोंद) घ्यायचा तर कुठे आणि किती? द्रुतगती मार्गावर?

ऑक्टेनराव
तिसऱ्या गिअरला ६००० आरपीएम म्हणजे शंभराच्या बरंच पुढे. द्रुतगती मार्गावर कारला मर्यादा शंभरची आहे आणि गाडी दुसऱ्याची. डायनो (गाडी जागेवरच रोलरवर पळवायचं यंत्र) मिळाला तर तिथेच घ्या. नाहीतर दुसरा गिअर, मॅन्युअल मोड, २००० ते ५००० पूर्ण पाय. दोनदा पुरे, मध्ये इंजिन निवू द्या.

ठिणगीचं करेक्शन प्रत्येक सिलिंडरचं वेगळं दिसतं. अधूनमधून एखाद्याचं एक-दोन अंश मागे येणं नेहमीचं. सगळ्या सिलिंडरांचं तीन अंशांहून जास्त, दोन्ही वेळा: पेट्रोल कमी ऑक्टेनचं किंवा इनटेकची हवा तापलेली. मे महिन्यात दुपारी लॉग काढून पेट्रोलला शिव्या देऊ नका, आधी इनटेकचं तापमान बघा. एकाच सिलिंडरचं: पेट्रोल नाही, त्याचा प्लग, इंजेक्टर किंवा व्हॉल्व्हवरचा कार्बन.

पंक्चर_पाटील
कार्बनसाठी टाकीत क्लीनर ओतला की झालं.

तेलकट_हात
नाही हो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हला त्याचा स्पर्शच नाही. टाकीत काहीही ओता, तिथला कार्बन हलणार नाही. तो ऑइलच्या वाफेचा, पेट्रोलचा नव्हे. इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या सालीचा भुसा हवेच्या दाबाने मारायचा, हाच इलाज. ज्या सिलिंडरवर काम चाललंय त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवेत, नाहीतर भुसा आत जातो. ६०-८० हजार किमीला लागतं, तुमच्या ४१,००० वर कदाचित अजून नाही. बोरस्कोपने बघूनच ठरवा.

इंजेक्टरच्या तोंडावरच्या डिंकासाठी पीईए (थर विरघळवणारं रसायन) असलेला क्लीनर उपयोगी, बाटलीवरच्या प्रमाणात एक टाकी. ती टाकी संपेपर्यंत गाडी नीट पळवा आणि लगेच ऑइल बदला. गळक्या इंजेक्टरला त्याचा काही उपयोग नाही.

घाटवळण
ठरवलंय असं. रविवारी सकाळी थंड स्टार्ट, साठवलेले कोड आणि रेडिनेस, दाबाचा आलेख, लाइनमधून काचेत नमुना, मग पंपावर फुल करून स्टार्ट. हे पार पडलं तर प्लग आणि इंजेक्टरचे आकडे गॅरेजमध्ये, ऑइल लॅबला. रेलचा दाब पडला किंवा नमुन्यात थर दिसला तर पंप, फिल्टर आणि टाकीचं काम किमतीतून वजा करायला सांगणार, नाही ऐकलं तर सोडणार. शेवटचा प्रश्न: टाकीतलं जुनं पेट्रोल उपसावं लागलं तर त्याचं काय करायचं? चाळीस लिटर असेल.

तेलकट_हात
गटारात नाही, आणि मोपेडमध्येही नाही, त्या बिचारीने काय घोडं मारलंय. धातूच्या झाकणबंद कॅनमध्ये उपसा, उपसताना कॅन आणि गाडीची बॉडी तारेने जोडा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही. बॅटरीची वजा तार आधी काढा. थर न पडलेलं, नुसतं जुनं असेल तर गॅरेजवाले सुटे भाग धुवायला घेतात. पाणी बसलेलं असेल तर जुनं ऑइल उचलणाऱ्या परवानाधारकाला द्या, आणि त्याला ते पेट्रोल आहे हे सांगून द्या. ऑइलच्या पिंपात गुपचूप ओतलं तर ते पिंप बॉम्ब होतं.

सोलापुरी_चादर
वाचनखूण साठवली. रविवारचा आलेख इथे टाका, दोन्ही रेषांसकट.

घाटवळण
टाकतो. लो प्रेशरचीही टाकतो.